तिसरीतल्या मुलीला घेऊन म्यूनिकला येताना

आपण विचारले आहे की, मुलीची तिसरी संपताच इंदूरहून म्यूनिकला यावे, की तिची पाचवी होऊ द्यावी. माझे मत असे की लगेच या, पण तिला येथे चौथीत बसवू नका.

आपल्याकडे मॅथ्स, बायो की कॉमर्स हा प्रश्न दहावीनंतर येतो. बायर्नमध्ये, म्हणजे म्यूनिक ज्या राज्यात आहे तेथे, ही फाटाफूट वयाच्या दहाव्या वर्षीच होते. चौथीच्या मे महिन्यात जे प्रगतिपत्रक मिळते, त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल (येथे १ हा सर्वोत्तम गुण, ६ सर्वांत वाईट), तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा; २.६६ पर्यंत रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा; उरलेल्यांना मिटलशूल, म्हणजे मुख्यतः कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी शाळा. पुढे चाचणीवर्गांत आणखी एक संधी मिळते, पण तीही जर्मन आणि गणितातच.

आमचा मुलगा थेट चौथीत आला. इंदूरला गणितात तो पुढे असे, पण शाब्दिक उदाहरणे ही मुळात भाषेचीच परीक्षा असते, हे आम्हांला उशिरा उमगले आणि तो मिटलशूलमध्ये गेला. हे दुखणे केवळ परक्या मुलांचे नाही. पिसा या अनेक देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांच्या चाचणीत, २००० साली, जर्मनीतल्या मुलांचे गुण घरच्या परिस्थितीशी फार घट्ट बांधलेले आढळले, तरीही ही फाटाफूट लांबवण्यासाठी प्राथमिक शाळा सहा वर्षांची करण्याची योजना हॅम्बुर्गच्या मतदारांनी २०१० मध्ये फेटाळली. (ज्यांची मुले गिम्नाझियमला जाणारच असतात, त्यांना बदलाची घाई कशाला असेल?)

म्हणून मुलीला पुन्हा तिसरीत घेण्याची विनंती शाळेला करा. वर्ष वाया गेले असे आजी म्हणेल, म्हणू द्या. जी मुले पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती, त्यांची अडचण भाषेचीच असेल, तर ३.३३ पर्यंतच्या सरासरीवरही शाळा त्यांना गिम्नाझियमसाठी पात्र ठरवू शकते. हे आपणहून विचारावे लागते. कंपनी बर्लिनची जागा देत असेल, तर तीही जरूर तोलून पाहा, कारण तेथे प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते.

मिटलशूल म्हणजे सर्व संपले, असे मात्र नाही. आमच्या मुलाने तेथूनच दहावीचा दाखला मिळवला आणि फाखओबरशूल या दहावीनंतरच्या, उच्च शिक्षणाकडे नेणाऱ्या व्यावसायिक शाळेमार्गे तो आता अभियांत्रिकी शिकतो आहे. फक्त मधली काही वर्षे त्याने स्वतःला ढ समजण्यात घालवली. बायर्नच्या शाळा ऑगस्टभर बंद असतात, तेव्हा शाळेशी पत्रव्यवहार जुलै संपायच्या आत उरकून घ्या.