टोपणनावाच्या सदस्याला काढू का?

प्रश्न : स्मृतिभ्रंश झालेल्यांची काळजी घेणाऱ्या नातेवाइकांचा ऑनलाइन ग्रुप मी चालवते. नाव, फोटो आणि रुग्णाशी असलेलं नातं एका शीटमध्ये भरायचं, ही आमची पहिल्यापासूनची रीत. शीट सगळ्यांना दिसते. एक सदस्य मात्र फक्त ‘सावली’ या नावाने लिहितात. शीट भरत नाहीत. लिहितात चांगलं, पण बाकीचे कुरकुरतात : ‘आम्ही सगळं सांगितलं, यांनाच काय लपवायचंय?’ काढून टाकू का?

उत्तर : मुळीच नको. घरातलं दुखणं कुणा परक्यापुढे उघडं पडतंय, ही बाकीच्यांची भीती खरी आहे. पण खरं नाव हा त्यावरचा उतारा नव्हे. स्क्रीनशॉट बाहेर पाठवायला टोपणनाव लागत नाही. हसरा फोटो लावलेले सद्गृहस्थही ते करतात. कालची ‘सावली’ ती आजची ‘सावली’ असावी आणि तिने आपल्या बोलण्याला बांधील राहावं, एवढं ग्रुपला पुरे. एकच माणूस तीन नावांनी वावरू लागला, तर मात्र खुशाल काढा.

नावाची सक्ती मोठ्यांनीही करून पाहिली आहे. गूगल प्लस या गूगलच्या समाजमाध्यमाने २०११मध्ये केली, २०१४मध्ये मागे घेतली. दक्षिण कोरियात तर २००७पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी ओळख पटवणं कायद्यानेच बंधनकारक होतं. २०११मध्ये तिथल्या एका बड्या सेवेतून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. पुढच्याच वर्षी घटनात्मक न्यायालयाने तो नियम रद्द केला.

म्हणून मला ‘सावली’पेक्षा तुमच्या शीटची धास्ती वाटते. त्यातला नात्याचा रकाना बघा. तिथे स्वतःच्या नावापुढे ‘आई’ लिहिणारी मुलगी आईचा आजार जाहीर करते आहे. आईला कुणी विचारलंय? आणि आता विचारलं, तरी विचारपूर्वक ‘हो’ म्हणण्याइतकी तिची स्थिती असेलच असं नाही.

शीट आजच काढा. इथलं बोलणं बाहेर नेणाऱ्याला, तो कितीही जुना असो, त्याच दिवशी ग्रुपबाहेर करण्याचा नियम लावा. शीट कुणी उतरवून घेतली असेल, तर त्यांनाही पुसायला सांगा. सगळे पुसतील, याची हमी मात्र मी देणार नाही.