फ्रान्तिशेक कुपकाचं अमूर्त वॉटरकलर नेमकं बघायचं तरी कसं?

"हे नक्की काय आहे" शोधत बसलात तर डोकं भंजाळेल, त्यापेक्षा रंग कुठून कुठे फिरतोय ते बघा. कुपका हा चेक चित्रकार, जन्म १८७१चा, प्राग-व्हिएन्नात शिकून पॅरिसला गेला, आणि त्याच्या चित्रांतल्या गोल वळणांची सुरुवात चक्क बॉल खेळणाऱ्या त्याच्या सावत्र मुलीपासून झाली, तिचं चित्र त्याने परत परत काढलं, हळूहळू मुलगी गायब आणि नुसती फिरकी उरली, लाल-निळी, तेच १९१२चं 'अमोर्फा' हे चित्र. मला तर मोठ्या कॅनव्हासपेक्षा कागदावरच्या छोट्या स्टडीज, म्हणजे तयारीची चित्रं, भारी वाटतात, हात कुठे अडला, कुठे सुटला ते सगळं दिसतं. प्रागला गेलात तर म्युझियम काम्पा चुकवू नका, तिथे त्याचं मोठं कलेक्शन आहे.