दोनदा थोपटलं की सोडायचं

समुपदेशनासाठी आलेल्या एका आईने खुर्चीत टेकल्या टेकल्या मोबाइल माझ्यापुढे धरला. अकरा सेकंदांचा व्हिडिओ. तिचा बारा वर्षांचा मुलगा दुसऱ्या मुलाच्या छातीवर बसलाय, त्याचा हात पकडून मागे झोकून देतोय आणि कोपर ताणतोय. मागून कोणीतरी "शाब्बास!" म्हणतंय.

"मॅडम, हा आधीच भडक डोक्याचा. आम्ही पैसे भरून याला हात मोडायला शिकवतोय का?"

त्याला आपण ओम म्हणू. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशीलही बदलले आहेत. तीन आठवड्यांपूर्वी मधल्या सुट्टीत त्याने एका वर्गमित्राची मान काखेत दाबली होती. शाळेने आईवडिलांना बोलावून घेतलं. जिउजित्सूचा, म्हणजे खाली पडून लढायच्या ब्राझिलियन कुस्तीचा, क्लास त्याच्या दोनच महिने आधी लागलेला, त्यामुळे आईच्या लेखी हिशोब सरळ होता. क्लास लावला होता वडिलांनी. "अंगातली रग तिथे जिरली की घरी शांत राहील," हे त्यांचं गणित.

कराटे असो, बॉक्सिंग असो, पालकांची ही भीती मी वर्षानुवर्षं ऐकते आहे: मारामारी शिकला तर मारामारी करेल का?

आधी वडिलांचं गणित. आदळआपट केली की राग निघून जातो, हा समज लोकांचा फार लाडका. २००२ साली ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना मुद्दाम चिडवलं आणि काहींना, ज्याने चिडवलं त्याला मनात आणून, पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावलं. त्यांचाच राग सगळ्यांत जास्त निघाला. काहीही न करता बसून राहिलेले जास्त निवळले होते. तेव्हा रग जिरवायला म्हणून कुठलाही क्लास लावू नये.

आईच्या बाबतीत मात्र मी चुकले. क्लास डोळ्यांनी न बघताच "महिनाभर बंद ठेवूया" असं सांगून मोकळी झाले. त्या महिन्यात ओम कोणावर धावून गेला नाही हे खरं, पण बोलायचाही बंद झाला. चौथ्या भेटीत एकदाचं तोंड उघडलं. "तिथे चुकलं तर सर सांगतात काय चुकलं ते. शाळेत नुसतं बाहेर उभं करतात."

मग मी स्वतःच क्लासला जाऊन बसले.

एका इमारतीच्या तळमजल्यावर निळ्या मॅट, घामाचा वास, जाड सुती गी (जुदोसारखा डगला-पायजमा) घातलेली डझनभर मुलं. सुरुवातीला पाठीवर पडून कोळंबीसारखं अंग मुडपत कंबर मागे टाकायची आणि सरकायचं. मग जोड्या. हाताला हात, मुठीला मूठ आणि सुरू. हात किंवा मान अडकली की समोरच्याच्या अंगावर दोनदा थोपटायचं. हा टॅप. टॅप पडला की त्या क्षणी सोडायचं, उठायचं आणि पुन्हा हाताला हात. तासाभरात एकेक पोर पाच-सात वेळा हरलं. कोणी रडलं नाही.

एका मुलाने टॅपनंतर जरा उशिरा सोडलं. सरांनी आवाज चढवला नाही. त्याला भिंतीपाशी बसवलं, राउंड संपल्यावर शेजारी जाऊन मांडी घातली. "थोपटलेलं कळलं नाही, की सोडावंसं वाटलं नाही?" मुलगा बराच वेळ पट्ट्याचं टोक चावत राहिला. मग म्हणाला, "सोडावंसं वाटलं नाही." "बरं. खरं बोललास." संपलं. माझ्या खोलीत या वाक्यापर्यंत यायला कधी कधी चार-चार भेटी लागतात.

१९८६ साली मायकेल ट्रलसन यांनी गुन्हेगारीकडे वळलेल्या किशोरवयीन मुलांना तायक्वांदो शिकवून पाहिलं. एका गटाला आदर, संयम, ध्यान यांच्यासकट. दुसऱ्याला नुसत्या लढायच्या युक्त्या. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची आक्रमकता उतरली, दुसऱ्याची चढली. मुलं मोजकीच होती, त्यामुळे एवढ्या एका अभ्यासावर इमला बांधू नये. पण लाथा दोन्हीकडे त्याच होत्या, एवढं मला पुरतं.

म्हणून आता पालकांना मी सांगते, एक अख्खा तास कोपऱ्यात बसून बघा. उशिरा सोडणाऱ्याला सर काय म्हणतात? नवख्या मुलाला दांडगटाच्या तोंडी देतात का? गुडघा पिळायचे प्रकार लहान मुलांना शिकवत असतील तर उठून या. मॅट रोज पुसतात का, नखं बघतात का, हेही विचारा. अंगाला अंग लागतं, गजकर्ण फार पटकन पसरतं. आणि मूल स्वतःला किंवा मुक्या जनावराला इजा करत असेल तर क्लास हा उपचार नव्हे, आधी तज्ज्ञाकडे.

ओमचा क्लास पुन्हा सुरू झाला. सरांशी बोलून एक भर घातली: शनिवारी सात-आठ वर्षांच्या पोरांच्या तासाला ओमने मदतीला थांबायचं. मदत म्हणजे काय, तर खाली पडून राहायचं, त्यांना डाव लावू द्यायचा, बरोबर बसला तर थोपटायचं आणि चुकला तर कुठे ते सांगायचं. पहिल्या शनिवारी तो वैतागून आला. "एक मुलगी आहे, ती हात धरते आणि नुसती बघत बसते. मग मी वाट बघतो." किती वेळ? "खूप." हरलं की बॅट भिरकावणारा मुलगा हे सांगत होता.

एकदा आबा आले नातवाला बघायला. आबा कराडकडचे, उमेदीत तालमीत घुमलेले. खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीचं ब्राँझ त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय उठता येत नाही. ओम पाठीवर पडून दोन्ही पायांनी समोरच्याची कंबर कवळून होता. आबा ताडकन उठले. "पाठ टेकली की! संपली कुस्ती!"

"आबा, आमच्याकडे पाठ टेकल्यावर खरी सुरू होते," सर म्हणाले. या पवित्र्याला गार्ड म्हणतात. मग त्यांनी सगळी वंशावळ सांगितली: जपानी जुदोपटू मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोचला, त्याची विद्या तिथल्या ग्रेसी भावांनी उचलली आणि खाली पडून लढण्यावर भर दिला.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "वस्ताद एक डाव राखून ठेवतो. तुम्ही कुठला राखलाय?"

"राखून काय उपयोग? पोरं मोबाइलवर बघून येतात."

ओम काही साधूसंत झालेला नाही. परवाच वडिलांशी कडाक्याचं वाजलं, दार आपटून झालं. शाळेतला तो मुलगा अजून त्याच्याशी बोलत नाही, आणि त्याने का बोलावं? पण धाकट्या बहिणीला आता युक्ती सापडली आहे. भांडण अंगावर आलं की ती त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटते आणि तो सोडतो. कधी कधी ती थोपटून, सुटून, वर चिमटाही काढते. त्याबद्दल त्याची रीतसर तक्रार माझ्याकडे आलेली आहे.

शेवटच्या भेटीला आई एकटीच आली. घरी काय झालं ते सांगू लागली. युनिट टेस्टच्या मार्कांवरून ती ओमला फैलावर घेत होती. शेजारच्यांचा मुलगा, क्लासची फी, सगळं निघालं. ओम मान खाली घालून बसलेला. मध्येच त्याने जेवणाच्या टेबलावर तळहाताने दोनदा थोपटलं.

"मग?"

"थांबले की हो मी! आपोआप." जरा थांबून म्हणाली, "दहा मिनिटांनी परत सुरू केलं, ते सोडा."