जांघेतलं दुखणं, नॉर्मल एक्स-रे आणि ‘थोडं पळते’

तुमची पोस्ट काल रात्री वाचली. उत्तर द्यावं की नाही या विचारात झोपले, आणि आता पहाटे उठून पहिलं काम हेच करतेय. तुम्ही लिहिलंय की वय ४१, राहणं आपल्या इंदूरच्या विजयनगरला, जानेवारीत मुंबईची पहिली फुल मॅरेथॉन, नऊ आठवडे उरलेत. तीन आठवड्यांपासून उजव्या जांघेत आत कुठेतरी दुखतंय. एक्स-रे नॉर्मल आला. ग्रुपमधले म्हणतात स्नायू आखडलाय, स्ट्रेच कर, हळू पळ. आणि मग ते शेवटचं वाक्य: ‘आधी १६ किलोमीटरनंतर दुखायचं, आता ६ नंतरच सुरू होतं, पण थांबलं की बरं वाटतं.’

हे वाक्य माझ्या २०१८ च्या डायरीत जवळजवळ असंच आहे. फक्त माझे आकडे १८, मग ११, मग ५ असे होते.

आधीच सांगून टाकते. मी डॉक्टर नाही, फिजिओ नाही, कोच तर नाहीच नाही. सहकारी बँकेत हिशेब बघते. मला झालं होतं स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने हाडाला गेलेली बारीक चीर. तुम्हाला तेच झालंय असा माझा दावा नाही. साधा स्नायू असू शकतो, आणि तोच निघो. पण स्नायूच आहे हे पक्कं होईपर्यंत पळू नका. आज नाही, रविवारी नाही, ‘फक्त पाच, अगदी हळू’ हेही नाही. बूट, वॉर्मअप, पाणी यावर इथे शंभर जण सांगतील, मी त्यात शिरत नाही.

माझं झालं असं. वय ४६, दोन वर्षं पळत होते, चार हाफ मॅरेथॉन झाल्या होत्या. फुलचं डोक्यात शिरलं आणि आठवड्याचे ३५ किलोमीटर पाच आठवड्यांत ५८ वर नेले. जांघेत टोचायला लागलं. पळताना तर होतंच, पण मोजा घालायला पाय दुसऱ्या मांडीवर घेतला की कळ यायची. ॲक्टिव्हा मेन स्टँडला लावताना यायची. रिक्षात बसताना पाय आत ओढून घेतला की यायची. या गोष्टी तुमच्याबाबतीत होतात का ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून विचारतेय. आणि रात्री कूस बदलताना जाग येते का? येत असेल तर पुढचं न वाचता उठा आणि अपॉइंटमेंट घ्या.

तर, मीही डॉक्टरांकडे गेले. नाव घेणार नाही, हॉस्पिटलचंही नाही. डॉक्टरांनी विचारलं, “व्यायाम वगैरे करता का?” शेजारी आमचे हे बसलेले. घरात आधीच ‘या वयात कशाला’ चाललेलं. मी म्हटलं, “हो, थोडं पळते.”

थोडं पळते! त्या आठवड्यात ५८ किलोमीटर झाले होते. पण डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर कोण उभी राहिली असेल? रीजनल पार्कला सकाळी दोन चकरा मारून पोहे-जिलबी खाऊन घरी येणारी बाई. त्या बाईच्या जांघेत दुखलं तर स्नायूच समजणार. एक्स-रे काढला, “हाड छान आहे, आठवडाभर आराम करा, मग हळूहळू सुरू करा.” त्यांचा दोष किती आणि माझा किती, हा हिशेब मी पुष्कळदा मांडून पाहिलाय, ताळा जमत नाही. मात्र ते एक वाक्य मला सगळ्यात महाग पडलं, एवढं नक्की. डॉक्टरांनी मला न विचारलेलं मी सांगायला हवं होतं. त्यांनी विचारलेलंही मी धड सांगितलं नाही.

दुसरी चूक त्या कागदाची. ‘नॉर्मल’ लिहिलेल्या रिपोर्टचा फोटो मी ग्रुपवर टाकला. चौदा अंगठे आले. एकाने लिहिलं, “चलो भिया, अब तो लायसन्स मिल गया.” मी तसंच समजले. हाडाला केसासारखी चीर जाते तेव्हा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा काहीच दिसत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या कागदाचा अर्थ ‘मोडलेलं दिसत नाही’ एवढाच होता. ‘पळायला हरकत नाही’ असं त्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग एका फिजिओकडे बारा सिटिंगचं पॅकेज, पैसे आगाऊ. जांघ ताणायची, अजून ताणायची. “रात्री ठणकतं” म्हटलं तर म्हणाला, “दुखणारच, खुलतंय ना.” चांगले फिजिओ आहेत इंदुरात, आज मी उभी आहे ती अशाच एकीमुळे. पण पळणाऱ्याच्या जांघेच्या दुखण्यात हाडाचा संशयसुद्धा न घेता बारा दिवस ताणत बसणारा माणूस पाहिला की अजून माझं डोकं तापतं. असो.

एक्स-रेनंतर २३ दिवस मी पळत होते. शेवटच्या दोन लाँग रनला आधी पेनकिलर घेऊन. (हे करू नका. दुखणं झाकलं जातं हा एक तोटा, आणि घाम गाळत तीन-चार तास पळताना असल्या गोळ्या मूत्रपिंडांना जड जातात हा दुसरा.) २३ व्या दिवशी सुपर कॉरिडॉरवर, रविवारी सकाळी, दुभाजकावरून खाली उतरले. उडी नाही मारली, फक्त उतरले. आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि मी रस्त्यावर. वेदनेपेक्षा आधी लक्षात आलं ते हे की पाय माझं ऐकत नाहीये. ग्रुप पुढे गेला होता. रस्ता झाडणाऱ्या दोघी बायका धावत आल्या, “दीदी, पाँव मत रखो,” म्हणत मला धरून बसवलं आणि कचऱ्याच्या गाडीवाल्याला हात दाखवून थांबवलं. त्याच्या शेजारच्या सीटवर बसून मी हॉस्पिटलात पोचले. स्वच्छतेतल्या इंदूरच्या पहिल्या नंबरचा मला झालेला फायदा हा असा.

मांडीचं हाड वर जाऊन तिरपं वळतं आणि त्याचा गोळा खुब्याच्या वाटीत बसतो. मधला जो आखूड तिरका भाग, त्याला हाडाची मान म्हणतात. पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या कितीतरी पट भार तिच्यावर येतो. तिची खालची बाजू दाबली जाते, वरची ताणली जाते. चीर खालच्या बाजूला असेल, लहान असेल आणि वेळेत सापडली तर पुष्कळदा कुबड्या आणि काही आठवडे संयम एवढ्यावर भागतं. वरच्या बाजूची असेल तर सर्जन सहसा वाट बघत नाहीत, स्क्रू घालतात. आणि हाड सरकलं, तर गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटू शकतो. मग तो गोळा मरायला लागला की गोष्ट सांधा बदलण्यापर्यंत जाते. माझं सरकलं होतं, थोडं. त्याच दिवशी ऑपरेशन, तीन स्क्रू. सर्जन नंतर म्हणाले की तीन आठवडे आधी आला असता तर कदाचित कुबड्यांवर निभावलं असतं. मला घाबरवायचं नाहीये तुम्हाला. नाही, खरं तर थोडं घाबरवायचंच आहे.

म्हणून आता स्पष्ट. हाडांच्या, शक्यतो खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरांकडे जा. आत गेल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या: “मी मॅरेथॉनची तयारी करतेय, आठवड्याला इतके किलोमीटर पळते, दोन महिन्यांपूर्वी इतके पळत होते, आणि जांघेतलं दुखणं दर वेळी लवकर सुरू होतंय.” स्ट्राव्हाचा (पळण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपचा) आलेख दाखवा. लाजू नका, नवऱ्याला बाहेर बसवा. मग थेट विचारा की हाडाच्या मानेत स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका आहे का आणि एमआरआय करावा का. मला पुढे एमआरआयला साडेसहा हजार पडले होते. तेव्हा माझे बूट चौदा हजारांचे होते, आणि ते घेताना मी दोन मिनिटंही विचार केला नव्हता. कुणी “एक्स-रे नॉर्मल आहे ना, मग कशाला?” म्हणालं तर दुसरं मत घ्या. उद्धटपणा वाटला तरी घ्या.

तुमच्या पोस्टखाली कुणीतरी सुचवलंय की एका पायावर दहा उड्या मारून बघ, दुखलं तर हाड, नाही तर स्नायू. नडगीसाठी ही युक्ती लोक वापरतात. जांघेतल्या दुखण्याला कृपा करून वापरू नका. हाडाच्या मानेत खरंच चीर असेल, तर ती उडी म्हणजे माझा दुभाजक. सुचवणाऱ्या दादांना राग आला तर येऊ दे.

ऑपरेशननंतर कळलेली दुसरी गोष्ट जास्त लाजिरवाणी होती. रक्तातलं ड जीवनसत्त्व ११ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर). वीसच्या खाली म्हणजे कमतरता. रोज घराबाहेर असणारी बाई मी, पण पहाटे पाचला, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून, आणि ऊन पडायच्या आत घरी. हाडाची घनता मोजली तर टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे १.८. उणे अडीचला हाडं ठिसूळ झाली म्हणतात, मी निम्म्याहून जास्त वाट चालले होते. त्या वर्षी मी सात किलो उतरवले होते. नवरात्राचे नऊ उपास, शिवाय दुपारी बारापर्यंत काही खायचं नाही, आणि लाँग रन उपाशीपोटी. सगळे म्हणायचे, “किती बारीक झालीस!” पाळी चार महिने आली नव्हती. वयामुळे असेल असं मी परस्पर ठरवून टाकलं. खेळात लागते तेवढी शक्ती अन्नातून मिळाली नाही की शरीर हाडांचा खर्च कापतं, पाळी थांबवतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला ‘रेड-एस’ असं नावही दिलंय. पुरुषांनाही होतं, फक्त त्यांच्याकडे पाळीसारखी धोक्याची घंटा नसते. तुमची पाळी नियमित आहे का, हे इथे लिहू नका, पण डॉक्टरांना न विचारता सांगा.

हाडाचं खातं समजायला मला माझाच धंदा उपयोगी पडला. रोजच्या भाराने हाड झिजतं तिथे शरीर आधी जुना भाग खणून काढतं, ते काम तीनेक आठवड्यांत होतं. नवं हाड भरायला मात्र तीन-चार महिने लागतात. आधी नावे, मग जमा. तुम्ही किलोमीटर वाढवत गेलात की खणणं चालूच राहतं आणि भरणा मागे पडतो. पाचव्या आठवड्यात दम छान टिकत असतो, पाय हलके वाटतात, आणि हाड नेमकं तेव्हाच कच्चं असतं. माझं मत, फक्त मत: आठवड्याला दहा टक्के वाढवा हा नियम काही वेदवाक्य नाही. माझ्यासारख्या चाळिशीपुढच्या बाईने तर दर चौथ्या आठवड्याला मुकाट्याने मागे यावं. सिमेंटच्या रस्त्याला मीही सहा महिने शिव्या दिल्या. रस्ता बिचारा तोच होता, वाढवलं मी.

ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या मात्र ऐकीव सल्ल्यावर खाऊ नका, आधी तपासणी. जास्त झालं तरी त्रास होतो. आमच्या सोसायटीत एक काका ती पुडी रोज घेत होते, आठवड्याची आहे हे वाचलंच नव्हतं.

डॉक्टरांनी पाण्यात व्यायामाला परवानगी दिली (दिली तरच) तर खोल पाण्यात तरंगवणारा पट्टा बांधून पळता येतं. भयंकर कंटाळवाणं आहे, पण दम टिकतो. ब्रेस्टस्ट्रोकची लाथ टाळा, ती थेट जांघेवर येते. सायकलचंही विचारून घ्या, सगळ्यांना लगेच चालत नाही.

राहिली मुंबई. फी वाया जाईल म्हणून तुम्ही पोस्टच्या तिसऱ्या परिच्छेदात रडला आहात, ते समजू शकते. माझीही एका स्पर्धेची गेली. डॉक्टरांचं पत्र, ऑपरेशनचे कागद, सगळं पाठवलं, तर तीन ईमेलनंतर ‘नियमांनुसार शक्य नाही’ एवढी एक ओळ आली. वर पुढच्या वर्षी ‘तुमच्यासाठी खास सवलत’ म्हणून जाहिरात पाठवली! तिथे शक्ती घालवू नका. एमआरआय स्वच्छ निघाला तर नऊ आठवड्यांतले दोन-तीन गेले तरी तुम्ही कट-ऑफमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या आत, पोचू शकाल. पेडर रोडचा चढ चालत गेलात तर कुणी हसणार नाही, निम्मे लोक तिथे चालतच असतात. नाही निघाला, तर यंदा मुंबई विसरा. मी सहा आठवडे पाय टेकवला नाही, सात महिन्यांनी पहिलं एक मिनिट पळाले, नेहरू स्टेडियमच्या आत, कुणी बघत नाही ना बघून. नंतर तीन हाफ झाल्या. फुल नाही केली. करणार का, विचारू नका.

एमआरआय कधी आहे ते इथे लिहा. आणि हो, माझ्या कुबड्या माळ्यावर पडल्या आहेत, ॲल्युमिनियमच्या, उंची कमी-जास्त होते. सुदामानगरहून न्यायला कुणाला पाठवता आलं तर निरोप टाका. रबरी बुचं झिजलीत तेवढी बदलून घ्यावी लागतील.