भावाची दारू सोडवण्यासाठी त्याला घरातच कोंडून ठेवावे का?

नाही, कोंडू नका. "चार दिवस खोलीत ठेवा, आपोआप सुटते" असे तुमचे वडीलधारे म्हणतात, हे तुम्ही लिहिले आहे. आमच्याकडे हाच निकाल मोठ्या काकांनी दिला होता आणि त्यांचा शब्द मोडण्याची घरात पद्धत नव्हती.

वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, तरी मोहाची दारू वावराच्या धुऱ्यापर्यंत पोचते. काकांच्या मुलाला सकाळी चहाआधीच ती लागत असे. कापूस भरायच्या खोलीत त्याला कोंडल्यावर आधी हात थरथरू लागले, अंग घामाने भिजले आणि पुढच्या रात्री तो भिंतीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचू लागला, मेलेल्या बैलाला हाका मारू लागला. काका ओसरीवरून "नाटक आहे" एवढेच म्हणत राहिले. पहाटे त्याला झटका आला, तेव्हा कडी वहिनीने काढली. रोजच्या दारूला सरावलेल्या शरीराची दारू एकाएकी तोडली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत झटके आणि भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो, हे डॉक्टरांनी काकांच्या तोंडावर सांगितले. तरीही दवाखान्यातील सलाईननेच पोरगा कमजोर झाला, असे काका आजही लग्नाच्या पंगतीत सांगतात.

त्यामुळे आधी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या किंवा १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारा. तेथे औषधांचा डोस हळूहळू कमी करत नेतात आणि जीवनसत्त्व बी-१ देतात. कुणी भाजीत गुपचूप मिसळायला गोळी दिली, तर ती फेकून द्या. ती डायसल्फिरामची, म्हणजे दारू प्यायल्यास त्रास व्हावा म्हणून देतात त्या औषधाची असली आणि त्यावर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो. गुत्त्यावरची त्याची उधारी तुम्ही फेडू नका. माळ घालायची असेल तर अवश्य घालावी, पण उपचारानंतर.

केवळ बाजाराच्या दिवशी पिणाऱ्याला सहसा एवढा त्रास होत नाही, हेही खरे. तुमचा भाऊ सकाळपासून पितो का, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते त्याच्या पत्नीला विचारा आणि घरच्या बैठकीत तिलाही बसवा, कारण तो केव्हा आणि किती पितो हे डॉक्टरांना तीच नेमके सांगू शकेल. आमच्या बैठकीच्या वेळी काकांनी वहिनीला चहा करायला आत पाठवले होते.