केळं निळंच दिसतं, ते एडिट नसतं

तुमचा प्रश्न असा, की घरच्या घरी फळं आणि सुकामेव्याचे यूव्हीखाली (म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील उजेडाखाली) चमकणारे फोटो काढायचेत तर कॅमेरा कोणता घ्यावा, आणि ऑनलाइन मिळतो तो स्वस्तातला जांभळा टॉर्च चालेल का.

कॅमेऱ्याचं नंतर बघू. टॉर्चबद्दल मात्र मला बोलायचंच आहे, कारण असल्याच एका टॉर्चपायी माझं आणि माझ्या साडूचं तीन वर्षं झाली धड बोलणं नाही.

मी सोलापूरचा, जुळे सोलापुरात राहतो. एप्रिलचे दिवस होते, घरचे सगळे माहेरी-आजोळी गेलेले, मी एकटा. लक्ष्मी मंडईतनं डझनभर केळी आणली होती, करमाळ्याकडची, पाच-सहा दिवस टेबलावर राहून छान पिवळीधमक झालेली, एकदोनवर ते तपकिरी ठिपके यायला लागलेले. रात्री अकराला स्वयंपाकघराच्या खिडक्यांना काळी चादर लावली, पंखा बंद केला (चालू ठेवला तर चादर हलते, ट्रायपॉडपण थरथरतो), आणि एप्रिलमध्ये सोलापुरात दारं-खिडक्या लावून पंखा बंद करून बसणं म्हणजे काय हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल, घाम नाकावरनं कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पडत होता. २० सेकंदांचं एक्स्पोजर लावलं आणि टॉर्च केळ्यावरनं हळूहळू फिरवला. स्क्रीनवर जे आलं ते बघून मी एकटाच जोरात ओरडलो. निळं केळं. आणि त्या तपकिरी ठिपक्यांभोवती उजळ निळी कडी, जशी पावसाळ्यात चंद्राला खळं पडतं तशी.

फॅमिली ग्रुपवर टाकला. माझ्या साडूचा लग्नाच्या फोटोग्राफीचा धंदा आहे, वयानं मोठे, माणूस वाईट नाही पण फोटोतलं आपल्यालाच कळतं असा स्वभाव. पुढच्या आठवड्यात एका बारशाला पन्नास माणसांत म्हणाले, "पाव्हणं, असली केळी आमच्या दुकानातलं पोरगंपण निळी करतंय फोटोशॉपात." सगळे हसले. मी सांगायला गेलो की ओ हे खरं आहे, २००८ साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक आणि अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातल्या लोकांनी हे छापलंय, केळं पिकताना सालीतलं हरितद्रव्य मोडतं आणि त्याचे जे तुकडे राहतात ते यूव्हीखाली निळे चमकतात, ठिपक्यांभोवतीच्या कड्यांवरपण पुढच्याच वर्षी त्यांनी लिहिलंय. पण बारशाच्या पंगतीत इन्सब्रुक कोण ऐकतंय. जिलेबी आली, विषय संपला.

मग मी म्हटलं, दाखवूनच देतो. सासऱ्यांच्या घरी एकदा सगळे जमले होते तेव्हा लाईट बंद करून टॉर्च लावला. आणि इथं माझं नशीब फुटलं, कारण साडू आले होते पांढराशुभ्र शर्ट घालून. कपड्याच्या साबणात आणि रानीपालसारख्या पावडरीत जे पांढरं करणारं द्रव्य असतं ते स्वतःच यूव्ही खाऊन निळा उजेड टाकतं, त्यामुळं केळं राहिलं बाजूला आणि अंधारात नुसता शर्ट आणि हसताना साडूंचे दात. बारकी पोरं अशी खिदळली की विचारू नका. ते चिडले, आणि चिडून का होईना पण बरोब्बर बोलले: "तुझ्या केळ्यावर माझ्या शर्टाचाच उजेड पडलाय."

तेव्हापासून माझा नियम एकच, खोलीत पांढरं काही नको. चादर, टॉवेल, बनियन, टिश्यू पेपर, सगळं बाहेर. काळ्या कापडावरची धूळ आणि कापसाची तुसंपण चांदण्यासारखी चमकतात, आधी सेलोटेपनं उचलून काढा. हळदीचा हात लागला असेल तर बोटं पिवळी-हिरवी पेटलेली दिसतील. माझ्या बायकोनं पहिल्यांदा टॉर्चखाली ओटा बघितला आणि रात्री बाराला घासायला बसली.

आता टॉर्च. स्वस्तातले बहुतेक ३९५ नॅनोमीटर लहरलांबीचे असतात, ते जांभळा दिसणारा उजेडपण भरपूर टाकतात आणि तो उजेड फळावरनं नुसता परत येतो. तुम्हाला वाटतं फळ चमकतंय, ते चमकत नसतं, फळावर टॉर्चचाच जांभळा उजेड पडलेला असतो. ३६५ चा घ्या, पुढं दिसणारा उजेड अडवणारी काळी काच म्हणजे झेडडब्ल्यूबी२ फिल्टर असलेला. थोडा महाग पडतो, पण दोन ३९५ घेऊन मग तिसरा हा घेण्यापेक्षा स्वस्त. तपासायचं कसं, तर अंधारात स्टीलच्या चमच्यावर मारा. चमचा जांभळा चकाकला तर टॉर्च गळका, चमचा जवळपास काळाच राहिला तर चांगला.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझा तो पहिला फोटो ३९५ चा होता. म्हणजे त्यातली बरीचशी निळाई केळ्याची नव्हतीच, टॉर्चची होती. साडूंना हे कधी सांगितलं नाही आणि सांगणारपण नाही, कारण ते म्हणत होते फोटोशॉप, आणि फोटोशॉप तर नव्हतंच. ३६५ नं परत काढला तेव्हा केळं निळंच आलं, जरा फिकट पण खरं, कडी तर आधीपेक्षा साफ. तो फोटो त्यांना एकट्याला पाठवला. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही.

बाकी सेटिंग: रॉ मध्ये (कॅमेऱ्यानं काही फेरफार न केलेली मूळ फाईल) काढा, व्हाइट बॅलन्स म्हणजे रंगांचा तोल डेलाइटवर फिक्स करा, ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा निळ्याला शहाणपणा शिकवून करडा करून टाकतो. अ‍ॅपर्चर एफ ८, आयएसओ २०० ते ४००, एक्स्पोजर १० ते ३० सेकंद. लेन्सवर फिकट पिवळा फिल्टर असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही. कॅमेरा उघडून आतली यूव्ही अडवणारी काच काढून घ्यावी लागते असं कुणी सांगितलं तर ते दुसरं प्रकरण, यूव्हीचाच फोटो काढायचा असेल तेव्हा. आपण काढतोय तो दिसणाऱ्या उजेडाचा. आणि रॉ फाईल डिलीट करू नका, एकही नाही. उद्या कुणी बारशात विचारलं तर तोंडावर मारता आली पाहिजे.

काय काढाल? केळं तर पहिलं, हिरवं, पिवळं, ठिपक्यांचं असं शेजारी शेजारी ठेवून. पिस्ता सोलून घ्या, हिरव्या भागात हरितद्रव्य असतं, ते लाल चमकतं. शेंगदाण्याचं साल काळपट राहतं आणि आतला दाणा निळसर पांढरा. सोलापूरचं म्हणून मी डाळिंब मोठ्या हौसेनं फोडलं होतं, पण दाणे मेल्यासारखे काळे, निराशा झाली, मग खाऊन टाकलं.

शेंगदाण्यावरनं आठवलं. ह्या टॉर्चनं खराब दाणे निवडायच्या भानगडीत पडू नका. आमच्याकडं शेंगा चटणीचे दाणे निवडताना एका पाहुण्यांनी (कोण ते ओळखा) हा चमकतोय फेक, हा नाही चमकत ठेव, असं चालवलं होतं. अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीनं दाण्यात तयार होणारं विष, त्याच्या प्रकारांच्या नावात बी (ब्लू) आणि जी (ग्रीन) आहे ते निळ्या-हिरव्या चमकण्यावरनंच, हे खरं, पण ते प्रयोगशाळेत वेगळं काढून बघतात. धडधाकट दाणापण चमकतो आणि विषारी दाणा न चमकतापण असू शकतो. बुरशी, कडू वास, सुरकुतलेला दाणा दिसला की फेका, टॉर्च कशाला.

आणि हे आधीच सांगायला पाहिजे होतं: टॉर्च डोळ्यांवर मारू नका, पोरांच्या हातात देऊ नका. ३६५ चा उजेड फारसा दिसत नाही म्हणून माणूस बिनधास्त राहतो. पॉलिकार्बोनेटचा साधा गॉगल घाला.

कॅमेऱ्याचं राहिलंच की. मॅन्युअल मोड आणि रॉ असलेला कुठलापण जुना चालतो, नवीन घेऊ नका. माझा सेकंडहँड आहे, साडूंच्याच दुकानातनं घेतलेला, भांडणाच्या आधी.