वाचकांचे प्रश्न : सार्जंट कार्नीचं निशाण

अमेरिकन यादवी युद्धात विल्यम कार्नी यांना केवळ निशाण वाचवल्याबद्दल सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. निशाणाला एवढं महत्त्व का होतं? (सातारा)

त्या काळच्या लढाईत तोफा-बंदुकांच्या धुरानं चार पावलांवरचं दिसेनासं व्हायचं, हुकूम ऐकू यायचे नाहीत. पलटण कुठे आहे, पुढे सरकतेय की मागे, हे शिपाई निशाणाकडे बघूनच ठरवत. ते पडलं की रांग विस्कटलीच. म्हणून शत्रूही नेम निशाणावरच धरायचा. नियमाप्रमाणे पायदळाचं निशाण रेशमी, साडेसहा फूट बाय सहा फूट, आणि काठी ९ फूट १० इंच. ते पेलणाऱ्याला बंदूक चालवणं शक्यच नसे. त्याच्या रक्षणाला वेगळे कॉर्पोरल नेमलेले असत.

१८ जुलै १८६३ च्या संध्याकाळी दक्षिण कॅरोलिनात, बंडखोर दक्षिणेच्या ताब्यातल्या फोर्ट वॅग्नर या किल्ल्यावर उत्तरेच्या फौजेनं चढाई केली. किल्ला वाळूचा, आणि वाट म्हणजे समुद्र व दलदल यांच्यामधली चिंचोळी पट्टी. त्यामुळे रांगा दाटल्या आणि गोळीबार थेट गर्दीत घुसला. आघाडीला कृष्णवर्णीय सैनिकांची ५४वी मॅसॅच्युसेट्स पलटण होती. सुमारे ६०० जणांपैकी २७२ मारले गेले, जखमी किंवा बेपत्ता झाले. पलटणीचे प्रमुख कर्नल रॉबर्ट शॉ तटावरच मारले गेले.

निशाणधारक कोसळला तेव्हा कार्नींनी हातातली बंदूक टाकून निशाण उचललं आणि तट गाठला. माघारीच्या वेळी निशाण काठीला गुंडाळून, अनेक गोळ्या लागलेल्या असताना, पाण्यानं भरलेल्या खंदकातून ते परतले. वाटेत दुसऱ्या पलटणीच्या शिपायानं निशाण घ्यायला हात पुढे केला. ५४व्या पलटणीबाहेरच्या कुणाकडेही ते देणार नाही, असं कार्नींनी सांगितलं. त्या अवस्थेत हे म्हणायला फार मोठं काळीज लागतं.

या सैनिकांना पगार कमी होता का? (अकोला)

हो. गोऱ्या साध्या शिपायाला महिना १३ डॉलर. कृष्णवर्णीयाला, हुद्दा कोणताही असो, १०, आणि त्यातलेही ३ कपड्यांचे कापून. भरतीच्या वेळी कबूल केले होते १३. म्हणून ५४व्या पलटणीनं पगारच नाकारला. मॅसॅच्युसेट्स राज्यानं फरक भरून द्यायची तयारी दाखवली, तीही नाकारली, कारण भांडण ३ डॉलरचं नव्हतंच. घरी बायकामुलांचे हाल होत असताना हे बहिष्काराचं अस्त्र त्यांनी खाली ठेवलं नाही. समान वेतनाचा कायदा जून १८६४ मध्ये झाला. जखमांमुळे कार्नींना सैन्यातून मोकळं केलं तेही त्याच महिन्यात.

पुढे त्यांनी काय केलं? आणि ते पहिले कृष्णवर्णीय मानकरी होते का? (पणजी)

व्हर्जिनियात गुलामीत जन्मलेल्या कार्नींनी पुढे न्यू बेडफर्ड शहरात तीन दशकांहून अधिक काळ पोस्टमनची नोकरी केली. निवृत्तीनंतर बॉस्टनच्या राज्य विधिमंडळ इमारतीत ते निरोप्याचं काम करत. तिथल्याच लिफ्टच्या अपघातात झालेल्या दुखापतीनं डिसेंबर १९०८ मध्ये त्यांचं निधन झालं.

पदक मिळालं मे १९०० मध्ये, म्हणजे जवळपास ३७ वर्षांनी. त्या युद्धातली शेकडो पदकं अशीच १८९० नंतर दिली गेली. ‘पहिले’ हा शब्द मात्र जपून वापरावा. पदक हातात पडण्यात नौदलाचे रॉबर्ट ब्लेक आधी. त्यांना ते १८६४ मध्येच मिळालं. पण ब्लेक यांची कामगिरी डिसेंबर १८६३ ची आणि कार्नींची जुलैची. तेव्हा ‘ज्यांच्या कामगिरीला हे पदक मिळालं, त्या कृष्णवर्णीयांत सर्वांत आधीची कामगिरी कार्नींची’, असं लिहावं.